रोमचा गोड पदार्थ, हदगावची कढई

दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन डेझर्ट आपल्या घरात करून बघायचं, असं ठरवून वीकेंडला गावी गेले. अंड्यावरून सुरुवातीलाच गाडी अडली, पहिला घाणा तुपात विरघळला आणि मग आई ओट्यापाशी आली...

शुक्रवारी रात्री पुण्याहून नांदेडची ट्रॅव्हल्स, सकाळी नांदेडला उतरून हदगावची एसटी, वाटेत वारंगा फाट्यावर गरम खिचडी-भजी. आमच्यासारख्या पुण्यात नोकरी आणि मराठवाड्यात घर असलेल्या मंडळींना हे रुटीन पाठ असतं. बॅगेत लॅपटॉप, चार्जर आणि धुवायचे कपडे. या वेळी मात्र बॅगेत अर्धा किलो खपली गव्हाचा रवा, मधाची बाटली आणि बॅटरीवर चालणारा छोटा वजनकाटाही होता.

''हे काय आणलंस?'' आईने विचारलं.

''रोमन लोकांचा गोड पदार्थ करायचाय.''

''कोणाचा?''

''रोमन. इटलीतला. दोन हजार वर्षांपूर्वीचा.''

आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काट्याकडे. ''आधी आंघोळ करून घे,'' म्हणाली.

त्याचं झालं असं, की पुढच्या शुक्रवारी ऑफिसात टीमचं पॉटलक होतं. थीम 'वर्ल्ड डेझर्ट्स'. ब्राउनी कोण आणणार, तिरामिसू कोण 'ऑर्डर करून घरी केलं' म्हणणार, हे सगळं आधीच ठरलेलं. आपण काहीतरी हटके करावं, एवढाच माझा उद्देश. आणि हटके म्हणजे किती, तर थेट ख्रिस्तपूर्व काळातलं!

थोडा होमवर्क

रोमन स्वयंपाकाचं नाव काढलं की दोन नावं हमखास समोर येतात. एक एपिशियस. त्याच्या नावावर असलेला पाककृतींचा संग्रह चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास एकत्र झाला असं मानतात. दुसरा केटो. हा काही शेफ नव्हे. इ. स. पू. २३४ ते १४९ हा त्याचा काळ. रोमचा करारी राजकारणी, काटकसरीसाठी प्रसिद्ध आणि 'कार्थेज नष्ट झालंच पाहिजे' हे पालुपद लावणारा. त्याने इ. स. पू. १६० च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिलं. लॅटिन गद्यातलं आज पूर्ण हाती असलेलं सर्वात जुनं पुस्तक ते हेच. त्यात जमीन कशी घ्यावी, ऑलिव्ह कधी तोडावेत, बैलांची काळजी कशी घ्यावी हे सांगता सांगता हा माणूस मध्येच गोड पदार्थांच्या कृती देतो. आपल्याकडे एखाद्या आजोबांनी बागायतीवर पुस्तक लिहावं आणि मधल्या दोन पानांत करंजीची कृती घालावी, तसं.

त्यातला 'सॅविलम' वाचून मी खूष झाले. हा म्हणजे चीजकेकचा खापरपणजोबा. ताजं चीज अडीच रोमन पौंड, पीठ अर्धा पौंड, मध पाव पौंड आणि एक अंडं. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा. सगळं कालवायचं, तेल लावलेल्या मातीच्या भांड्यात घालून झाकण ठेवून भाजायचं. वरून मध ओतायचा, खसखस भुरभुरायची, पुन्हा थोडा वेळ झाकण ठेवायचं आणि चमच्यासकट वाढायचं. फोटोजेनिक, सोपं आणि मापं तयार. अजून काय पाहिजे?

साखरेचं काय, असं तुम्ही विचाराल. रोमन लोकांना भारतातल्या साखरेची माहिती होती, पण औषध म्हणून. पहिल्या शतकातला लेखक प्लिनी तसं स्पष्टच लिहितो. गोडासाठी त्यांचा भर मधावर. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माझ्यासारखीला ही माहिती जरा गमतीची वाटली.

आपला काय संबंध?

रोमन पदार्थ आणि मराठवाडा, म्हणजे ओढूनताणून जोडलेलं नातं वाटेल. पण धाराशिव जिल्ह्यातलं तेर आठवा. संत गोरोबाकाकांचं तेर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या खलाशांच्या मार्गदर्शिकेत पैठणचा आणि 'तगर' नावाच्या गावाचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा तो हिशेब. तिथून कापड बैलगाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचं. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये मांडलं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडली. पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं ते इ. स. ७९ मध्ये. अशाच धाटणीचा नमुना जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही मिळाला आहे.

थोडक्यात, आपल्याकडचा माल तिकडे जायचा आणि तिकडचं सोनं-चांदी, वाइन इकडे यायची. भारताच्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी कुरकुर प्लिनीने लिहून ठेवली आहे. मग तिकडची एखादी कृती दोन हजार वर्षं उशिराने हदगावला आली, तर बिघडलं कुठे?

अंड्याने केली पंचाईत

बिघडलं ते अंड्यावर. 'एक अंडं' हे दोन शब्द ऐकल्यावर आईने पदर खोचला. ''या ओट्यावर? जमायचं नाही.''

''आई, एकच तर आहे.''

''एक असो की बारा. पुण्यात कर तुझं काय ते.''

पुण्यात माझ्या फ्लॅटवर एक इंडक्शन आणि दोन पातेली. तिथे मॅगीच्या पुढे मजल जात नाही. मी पुन्हा केटोकडे वळले आणि 'ग्लोबी' सापडले. ग्लोबी म्हणजे गोळे. चीज आणि 'अलिका' एकत्र करायचं, हवे तेवढे गोळे करायचे, धातूच्या भांड्यात स्निग्ध पदार्थ गरम करून एका वेळी एक किंवा दोनच तळायचे, दोन काड्यांनी सारखे फिरवायचे, काढून मध लावायचा, वर खसखस. अंड्याचं नाव नाही!

अलिका म्हणजे काय, तर एमर गव्हाचा भरडा. आणि एमर म्हणजे आपला खपली. सांगली-साताऱ्याकडे अजून पिकतो आणि हल्ली 'हेल्दी' म्हणून पुण्यातल्या दुकानांत चढ्या भावाने मिळतो. अलिका पांढरीशुभ्र दिसावी म्हणून त्यात चक्क खडू मिसळायचे, असंही प्लिनी सांगतो. भेसळ ही काही आजची कला नाही.

आता पदार्थ नीट बघा. दुधाचा छेना, त्यात भरडा, गोळे, तुपात तळण, गोडात घोळ आणि वर खसखस. ओळखीचं वाटतंय ना? आईला वाटलंच. ''गुलाबजामच्या पोटी अनारसं आलंय हे,'' ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिने माझ्या हातातले कागद जवळ ओढले.

पहिला घाणा

एक लिटर गाईचं दूध नासवून साधारण दोनशे ग्रॅम छेना निघाला. आता रवा किती? इथे केटोसाहेबांनी हात वर केले. सॅविलमसारख्या कृतीत पौंडांचा हिशेब देणारा हा माणूस ग्लोबीला आल्यावर फक्त 'त्याच पद्धतीने मिसळा' एवढंच म्हणतो. मी अंदाजाने पन्नास ग्रॅम घातला. गोळे केले. चायनीजच्या पार्सलबरोबर आलेल्या चॉपस्टिक्स खास यासाठी जपून आणल्या होत्या. तूप तापलं, गोळा सोडला, चॉपस्टिकने फिरवला आणि गोळ्याने अंग सोडलं. अर्ध्या मिनिटात कढईभर चुरा.

''हसला,'' आई म्हणाली.

तुमच्या घरी अनारसे होत असतील तर हा शब्द तुम्हाला माहीत असेल. अनारसं तुपात टाकल्यावर फसफसून पसरलं, की ते 'हसलं' म्हणतात. करणाऱ्या बाईला मात्र त्या वेळी रडू येतं.

दुसऱ्या लिटरचा छेना. या वेळी चिडून दोनशे ग्रॅम रवा घातला. गोळे हसले नाहीत, पण खाताना दाढ हलली. बाबांनी एक उचलला, टेबलावर आपटून बघितला आणि न बोलता वाटीत ठेवला. संध्याकाळ होत आली होती. मी वैतागून गॅस बंद केला.

तेव्हा आई उठली. तिसऱ्या लिटरचा छेना तिने फडक्यात बांधून वर पाटा ठेवला. ''पाणी निथळू दे आधी. ओला घातलास म्हणून फुटायलेत.'' मग शंभर ग्रॅम रवा घालून तळव्याने रगडायला बसली. दहा मिनिटं. तळव्याला तूप सुटल्यासारखी चमक आल्यावर थांबली. ''आता दोन तास हात लावायचा नाही. रवा फुगू दे.''

साधी गोष्ट होती. छेन्यातल्या पाण्याची तुपात वाफ होते आणि गोळा आतून फोडते. रवा भिजून फुगला की तेच पाणी धरून ठेवतो. मी दुपारभर हे नेटवर शोधत होते आणि आई तीन फुटांवर भाजी निवडत होती.

रात्री साडेआठला तिसरा घाणा. तूप मध्यम, एका वेळी दोनच. चॉपस्टिक्स आईने हातात घेतल्या आणि पहिल्या झटक्यात तिला त्या जमल्या. गोळे तांबूस झाले, फुटले नाहीत. मध वरून लावायचा, तापवायचा नाही, हे ऐकून तर ती केटोवर खूष झाली. मध तापवायचा नसतो, हे तिचं पक्कं मत. वर भाजलेली खसखस. भाजलेली पांढरी खसखस मधाबरोबर जेवणानंतरच्या गोडात वाढायची रीत जुन्या रोमनांत होती, हेही प्लिनीनेच नोंदवलंय.

चव? बाहेरून कुरकुरीत, आत दाणेदार आणि मऊ, गोडी फक्त वरच्यावर. गुलाबजामसारखा पाक आतपर्यंत गेलेला नाही, त्यामुळे दुधाची चव कळते. बाबांनी पाच खाल्ले. त्यांना शुगर आहे. पाचव्याला आईने वाटी काढून घेतली.

आणि मग अनारसे

झाकपाक करताना आई म्हणाली, ''हे न हसता जमलं बघ.'' ती ग्लोबीबद्दल बोलत नव्हती, हे मला कळलं.

आमच्या घरी अनारसे आजी करायची. दिवाळीला आणि अधिक महिन्यात. आजी गेल्यावर आईने तीन वर्षं करून पाहिले. तिन्ही वर्षं हसले. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला. ताईच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे होते. आईने ते नांदेडच्या दुकानातून विकत आणले आणि घरच्या डब्यात भरून दिले. ताईला कळलं, जावयाला कळलं नाही, कोणीच काही बोललं नाही. त्यानंतर आईने अनारशाचं पीठच केलं नाही. मीही कधी विषय काढला नाही. पुण्यात काय, कुठेही मिळतात.

''आजीचं माप काय होतं?'' मी विचारलं.

''वाटीला वाटी. जेवढं तांदळाचं पीठ तेवढा गूळ. मी तसंच करते की.''

काटा ओट्यावरच होता. मी म्हटलं, घाल बघू वाटीत गूळ. आईने किसलेला गूळ वाटीत भरला, अंगठ्याने दाबला, वर सपाट केला. काटा म्हणाला, १७० ग्रॅम. मग मला एकदम आठवलं. आजी गूळ दाबायची नाही. बोटांनी भुरभुरत वाटीत सोडायची आणि हाताच्या कडेने वरचा काढून टाकायची. मी तिच्यासमोर पाटावर बसून खाली पडलेला गूळ वेचून खायचे, म्हणून एवढं लक्षात राहिलं. तसं भरून बघितलं. १३० ग्रॅम.

एका वाटीमागे चाळीस ग्रॅम जास्तीचा गूळ! गूळ जास्त झाला की अनारसं हसणारच, हे आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. ती काट्याकडे बघत उभी राहिली. ''तीन वर्षं गुळवाल्याला शिव्या दिल्या मी,'' म्हणाली आणि मग हसायला लागली. थोड्या वेळाने डोळे पुसले.

'वाटीला वाटी' हे माप आजीने सांगितलं होतं, ते बरोबरच होतं. पण गूळ दाबायचा नाही, हे तिने सांगितलं नाही, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. केटोचंही तसंच झालं असणार. 'त्याच पद्धतीने' म्हणताना त्याच्यासमोर ती पद्धत रोज बघणारी माणसं होती.

त्या रात्रीच आईने तांदूळ भिजत घातले. अनारशाला तीन दिवस भिजवणं आलं, रोज पाणी बदलणं आलं, मग सावलीत सुकवून ओलसर असतानाच दळणं, गुळात मळून गोळे काही दिवस मुरवणं. माझ्या रविवारच्या गाडीत हे बसणारं नव्हतं. मी काटा आईकडेच ठेवून आले.

पॉटलकचं काय झालं?

पुण्यात एका मैत्रिणीच्या गॅसवर चाळीस ग्लोबी तळले. या वेळी छेना बांधून ठेवला, पीठ दोन तास झाकलं. टीममध्ये कोणी म्हणालं बालुशाहीची बहीण, कोणी म्हणालं पाकाविना गुलाबजाम. 'रोममध्ये गुलाबजाम आपल्याकडून गेला का?' यावर अर्धा तास वाद झाला.

तसं काही सांगता येणार नाही. पण एक गोष्ट त्या वादात मी टाकली. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडच्या बसवकल्याणला, म्हणजे जुन्या कल्याणीला, चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात 'क्षीरप्रकार' नावाचा पदार्थ आहे. दूध ताकाने नासवायचं, छेन्यात तांदळाचं पीठ मिसळायचं, तळायचं आणि साखरेच्या पाकात टाकायचं. केटोपासून जवळपास तेराशे वर्षं आणि अर्धी पृथ्वी दूर. दूध नासलं, घरात पीठ आहे, तूप आहे, तर माणूस कुठलाही असो, गोळे करून तळणारच.

पुढच्या रविवारी व्हॉट्सअॅपवर आईचा फोटो आला. परातीत अनारसे, खसखस वर, जाळी छान पडलेली. खाली तिने लिहिलं होतं, 'एकवीस केले. दोन हसले. एकोणीस चांगले. पीठ ५०० गूळ ४२०. पुढच्या वेळी ४०० घेते.'

ते आकडे मी एका वहीत उतरवून ठेवलेत. पुढच्या अधिकात तेहतीस करायचे आहेत.

करून बघा: ग्लोबी (साधारण वीस नग)

साहित्य : गाईचं दूध १ लिटर, एका लिंबाचा रस, खपली गव्हाचा बारीक रवा १०० ग्रॅम (नसेल तर साधा रवा), तळायला तूप, मध ४-५ चमचे, खसखस २ चमचे.

कृती : दूध उकळून लिंबाच्या रसाने नासवा. छेना गार पाण्याने धुऊन फडक्यात बांधा आणि वजनाखाली अर्धा तास ठेवा. रवा घालून तळव्याने दहा मिनिटं रगडा. झाकून दोन तास ठेवा. लिंबाएवढे नव्हे, सुपारीएवढे गोळे करा. तडा दिसला तर हाताला थेंबभर पाणी लावून पुन्हा वळा. मध्यम आचेवर दोन-दोन करून तळा, सारखे फिरवत राहा. गरम असतानाच वरून मध लावा, भाजलेली खसखस भुरभुरा. त्याच दिवशी संपवा.

फारच घाई असेल तर : एपिशियसच्या संग्रहातला खजूर करा. बिया काढून आत अक्रोड किंवा भरडलेली मिरी भरायची, वरून चिमूटभर मीठ लावायचं आणि मधात परतायचा. मिरी रोमला जायची ती मलबारच्या किनाऱ्यावरून, त्यामुळे हाही अर्धा आपलाच. मध तापवणं घरी चालत नसेल तर तुपात परता आणि मध नंतर लावा. आमच्याकडे तसंच करावं लागलं.

आणि हो, करताना घरात कोणी मोठं माणूस असेल तर काटा त्यांच्या हाताखाली सरकवा. काय आणि कसं भरतायत ते बघा. आकडा लिहून घ्या आणि हात कसा फिरला तेही लिहा.